ताबा कोणाकडे

तुम्ही माणसाला खोटं बोलायला लावता, आणि मग खोटं बोलला म्हणून त्याच्याच मानगुटीवर बसता. दोन चौकोन छापायचे, एकात खूण करा म्हणायचं, आणि दोन माणसांनी दोन वेगळ्या चौकोनांत खुणा केल्या की पत्र धाडायचं : आपणांपैकी एकाने असत्य निवेदन केलेले आहे. अहो, एकाने कशाला, दोघांनीही केलेलं आहे. खरं लिहायला तुम्ही जागा ठेवली होती का? बोटभर तरी? ज्याने हा कागद आखला तो कधी विमानात बसला होता, की डोक्यावरून विमान गेलं म्हणजे चहाचा कप हातात धरून वर बघण्यापुरताच त्याचा आणि विमानाचा संबंध?

एसेझा किझ्झा हे सगळं मनातल्या मनात म्हणत होती. तोंडाने ती काहीच म्हणत नव्हती, कारण कम्पालातली टॅक्सी चौदा माणसांची असते, तीत सतरा माणसं होती, आणि सतरा माणसांत शहाण्या बाईने तोंड मिटून बसायचं असतं. मांडीवर पिशवी होती. पिशवीत विमानखात्याचं ते पत्र, पत्राला टाचलेला नवा कोरा कागद. शिकाऊ उमेदवाराने शुक्रवारी चारच्या आत जातीने हजर राहून जबाब दुरुस्त करावा, न केल्यास दोघांचेही परवाने कायमचे रद्द. कायमचे हा शब्द जाड ठशात होता. आज शुक्रवार, अकरा वाजलेले, आणि एन्टेबे रस्त्याच्या तोंडाशी टॅक्सी अर्धा तास हललेली नव्हती. पिशवी तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, बाळ धरावं तशी. तेवढ्यात दार सरकलं आणि एक म्हातारा आत वाकला. पांढरा पायघोळ कांझू, वर काळा कोट, काखेत छत्री. आणि एसेझा उठली. ती उठली हे तिला उठल्यावर कळलं. आधी पाय उठले, मग ती. वाकून, गुडघे जेवढे दुमडता येतील तेवढे दुमडून, तिने म्हाताऱ्याला नमस्कार घातला आणि जागा सोडली.

"अगं बस बस," म्हातारा म्हणाला, "मी काही पडत नाहीये."

"पडत नाही कसे आजोबा," दारात लोंबकळणारा वाहक म्हणाला, "या रस्त्यावर मंत्र्यांच्या गाड्या पडतात. बसा तुम्ही. ताईंना मी माझी गादी देतो."

गादी म्हणजे दाराजवळची हिंदकळणारी घडीची फळी. एसेझा तिच्यावर टेकली. म्हातारा तिच्या जागेवर बसला, जरा चुळबुळला, आणि खालून पिशवी ओढून काढत म्हणाला, "ही कोणाची?" तेव्हा तिने आपल्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते. सकाळपासून जिच्यात जीव अडकला होता ती पिशवी या हातांनी कधी सोडली, याचा तिला पत्ता नव्हता. दोन्ही हातांनी सोडली होती, एकाच वेळी, विचारल्याशिवाय. टॅक्सी तर उभीच होती, धक्का बसायला काही कारण नव्हतं, पण बसला. असंच झालं होतं तेव्हा, तिला वाटलं. अगदी असंच.

गेले तीन आठवडे ती स्वतःला सांगत होती की लक्ष नव्हतं. मनुष्य आहे, लक्ष उडालं. पण लक्ष उडालेलं नव्हतंच. त्या पाच सेकंदांतली एकेक गोष्ट तिला दिसत होती : काचेवर चिरडलेली तळ्यावरची चिलटं, धावपट्टीचा तांबडा मुरूम, कडेच्या गवतात उभा असलेला टकल्या कालोली करकोचा, नुकता पेन्शनीत निघालेल्या कारकुनासारखा, पंख पाठीमागे बांधून. इतकं सगळं जिला दिसलं तिचं लक्ष उडालं म्हणायला ती तयार झाली, कारण दुसरा शब्द सापडत नव्हता. आता शब्द नाही, पण गोष्ट सापडली होती, आणि ती लक्षापेक्षा वाईट होती. लक्ष ठेवायला शिकता येतं. हात मात्र तीन वर्षांच्या पोरीचे असल्यापासून शिकून बसलेले. पाहुण्याला पाण्याचा पेला दे, दोन्ही हातांनी दे. काकांना स्टूल दे, दोन्ही हातांनी. एका हाताने दिलंस तर आईची चापट, आणि मोठ्या माणसाने हात पुढे केल्यावर धरून ठेवलंस तर बापाची नजर, जी चापटीपेक्षा फार वेळ लागायची.

विमान शिकायचं असं तिने कधी ठरवलं नव्हतं. लोक विचारतात, लहानपणापासून स्वप्न होतं का; तिला लहानपणी झोप लागली की स्वप्नं पडत नसत, दमलेली असायची. ती वजनमापं तपासणाऱ्या खात्यात नोकरीला, बाजारोबाजार काटे तपासत हिंडायची. पाच वर्षांपूर्वी तिला तळ्याकाठच्या त्या छोट्या विमानतळावरचा सामानाचा काटा तपासायला पाठवलं. एक पत्र्याची शेड, एक मुरमाची पट्टी, तीन-चार विमानं, आणि काटा दोन किलो कमी दाखवणारा. तिने तसं सांगितलं तेव्हा शेडमधून साठीकडे झुकलेला एक उंच माणूस बाहेर आला. हा मुगालुला. जुळ्यांचा बाप म्हणून सगळे त्याला सालोंगो म्हणत. आयुष्यभर त्याने विमानातून मिशनची औषधं वाहिली होती, आता शिकवत होता आणि मधूनमधून माल नेत होता. "दोन किलो?" तो म्हणाला. "दर खेपेला दहा पोती भरतो मी, प्रत्येक पोत्याला दोन किलो. म्हणजे वीस किलो मी देवाच्या भरवशावर उचलतोय." आणि शेडमधल्या मेकॅनिकला हाक मारून, "अरे कोमाकेच, ऐकलंस? देवाचे आभार मान आणि या बाईंचे पण." मग तिच्याकडे वळून, "चला बसा. ज्या झाडावर मी आपटायचा राहिलो ते झाड तुम्हाला दाखवतो."

ते झाड तिने पाहिलं. झाडापेक्षा तिने पाहिलं ते असं की इतक्या उंचावरून आपलं शहर कुठेच वाकत नव्हतं. घरंदाज, उपरे, म्हातारे, मंत्री, सगळे एकाच मापाचे ठिपके. नमस्कार कोणाला घालायचा हे वरून कळत नव्हतं. ती खाली उतरली आणि तीन वर्षं त्याबद्दल कोणाशी बोलली नाही. मग एका शनिवारी जाऊन तिने नाव घातलं. वय पस्तीस. तिथे बाकी सगळी विशीतली पोरं, बापाच्या पैशावर आलेली; ती हिला पहिल्या दिवशी चहावाली समजली. एकाने तर साखर कमी सांगितली.

दोन माणसांचं विमान ते. शेजारी शेजारी खुर्च्या, खांद्याला खांदा लागतो. शिकणारा डावीकडे, शिकवणारा उजवीकडे, दोघांसमोर एकेक सुकाणूचा दांडा, आणि दोन्ही दांडे आतून एकमेकांना जोडलेले. हा हलवला की तो हलतो. पहिल्या तासाला मुगालुलाने जो धडा दिला तो उडण्याचा नव्हता. "एका वेळी एकाचा हात," तो म्हणाला. "मी म्हणेन, ताबा माझ्याकडे. तू म्हणशील, ताबा तुमच्याकडे, आणि सोडशील. मी परत म्हणेन, ताबा माझ्याकडे. तीनदा बोलल्याशिवाय कोणी सोडायचं नाही, कोणी धरायचं नाही. बायकोचं नाव विसरलीस तरी चालेल, हे विसरायचं नाही." "मला बायको नाही, सर," ती म्हणाली. "म्हणूनच चालेल म्हटलं." हे सगळं इंग्रजीत चालायचं. इंग्रजीत ते सोपं होतं. इंग्रजीत कोण कोणाचा काका नसतो. इंग्रजीत तिने त्या उंच माणसाला दहा-बारा तास खुशाल सांगितलं, ताबा माझ्याकडे, आणि तो निमूट हात मांडीवर ठेवून बसायचा.

मग नोव्हेंबर आला आणि नाकतोडे आले. पाऊस ओसरला की ते ढगांसारखे उतरतात. लोक रात्रभर दिवे आणि पत्रे लावून पिंपंच्या पिंपं भरतात, पंख-पाय खुडून कांदा घालून परततात, आणि सकाळी शहरभर तो वास. कोमाकेच मेकॅनिक उत्तरेकडचा, अचोली जमातीचा, त्याने डबा भरून आणला आणि शेडमध्ये फिरवला. पोरांनी मुठी भरल्या. एसेझाने हात जोडून नको म्हटलं. मुगालुलानेही नको म्हटलं. कोमाकेच डबा घेऊन दोघांच्या मधे उभा राहिला. "का? विमानवाल्यांना उडणारं चालत नाही?"

"ते आमचं देवक आहे," एसेझा म्हणाली.

मुगालुलाने डोळ्यांवरचा चष्मा काढला. "नाकतोड्याचं कुळ?"

"हो सर."

"कोणाची तू?"

तिने बापाचं नाव सांगितलं, आजाचं सांगितलं, पणजाचं आणि त्याची जमीन कुठल्या डोंगराला ते सांगितलं. मुगालुला ऐकत गेला आणि मान हलवत गेला, आणि शेवटी दोघांचे पणजे एकाच घरातले निघाले. शेडमध्ये सगळ्यांसमोर, तेलाच्या डागांवर, एसेझा गुडघे टेकून बसली आणि तिने त्याला नव्याने नमस्कार घातला, कारण आता तो शिक्षक राहिला नव्हता. बापाच्या कुळातला, बापाच्या पिढीचा माणूस हा बापच. ताता. तिचा स्वतःचा बाप जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुगालुलाचे डोळे भरून आले. "बघ तरी," तो म्हणाला, "नाकतोड्याची लेक जमिनीवर काटे तपासत हिंडत होती."

"झालं," कोमाकेच डब्यातले नाकतोडे स्वतःच्या तोंडात टाकत म्हणाला, "तुम्ही गुडघेवाले लोक. उद्या ही रेडिओवर टॉवरला विचारणार, रात्र बरी गेली ना, घरची मंडळी कशी आहेत, गाईगुरं कशी आहेत. तोवर टाकीतलं पेट्रोल खलास."

सगळे हसले. तीही हसली. त्यात हसण्यासारखं नव्हतं हे कळायला पुढचा फेब्रुवारी यावा लागला. त्या दिवसापासून विमानात इंग्रजी बंद झालं. कुळाच्या माणसाशी परक्या भाषेत बोलायचं म्हणजे दारात उभं राहून बोलणं. आणि आपल्या भाषेत ते वाक्य निघेना. ताबा माझ्याकडे. आपल्या बापाला कोण म्हणतं असं? त्याच्या ताटाला हात लावून, माझं आहे, म्हणण्यासारखं ते. दोघांनी बसून नियम मोडायचा असं कधीच ठरवलं नाही. तो फक्त बोलायचा थांबला, कारण बापाला बोलावं लागत नाही. हात पुढे केला की पोरगी देते. ती फक्त वाट बघायची थांबली. चांगलं चाललं होतं. तिच्या वहीत एकोणीस तास भरले होते. पुढच्या शनिवारी तो खाली उतरणार होता आणि ती एकटी जाणार होती. उजवीकडची खुर्ची रिकामी असणार होती. ती खुर्ची रिकामी कशी दिसेल याचा ती बाजारात काटे तपासताना विचार करायची. नुसती खुर्ची, पट्टा बांधून ठेवलेला, आणि तिच्यात कोणी नाही. सबंध आयुष्यात तिच्या उजव्या बाजूला कोणी नाही असं कधी झालं नव्हतं.

टॅक्सी हलली. म्हाताऱ्याने पिशवी तिच्याकडे सरकवली, तिने ती दोन्ही हातांनी घेतली. घेताना बघत राहिली हातांकडे, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे.

एकटीने जायच्या आदल्या त्या शनिवारी वारा नव्हता. उतरायला ती सरळ पट्टीच्या रेषेत आली होती, वेग बरोबर, उंची बरोबर. चाळीस फुटांवर मुगालुलाचा हात पुढे आला आणि त्याच्या समोरच्या दांड्याच्या वरच्या काठावर टेकला. तिने दिलं. एक हात दांड्यावरचा, एक इंजिनाच्या खटक्यावरचा, दोन्ही काढून मांडीवर ठेवले. आणि मग तिला वाटलं, काय हात आहे म्हाताऱ्याचा. विमान तसूभर हलत नव्हतं. तळ्यावरून मासळीची होडी काठाला यावी तसं खाली येत होतं, आपसूक. असा हात आपल्याला कधी येणार, तिला वाटलं. पट्टी वर आली. आता नाक उचलतील, तिला वाटलं. आता. पट्टी आणखी वर आली आणि मुरमातले खडे एकेक दिसायला लागले, आणि तरी तिच्या मनात शंका आली नाही, फक्त आदर आला, की केवढा धीर या माणसाचा, किती उशिरा उचलतो. मग नाकाचं चाक आपटलं, मोडलं, पंख्याने मुरूम खणला, आणि सगळं तांबडं झालं.

कोमाकेच आग विझवायचं नळकांडं घेऊन धावत आला. "दोघं जिवंत?" त्याने दार उपसून विचारलं. "मग आता खुशाल भांडा."

भांडण झालं नाही. दोघं गवतात बसली. इंजिन टकटक करत निवत होतं. मुगालुलाच्या कपाळाला खोक पडली होती, ती त्याने रुमालाने दाबून धरली होती.

"तू का नाही उचललंस, पोरी?"

"मी? ताता, तुमच्याकडे होतं."

"माझ्याकडे कुठे? मी तो कालोली दाखवत होतो तुला. गवतातला. मधे आला असता."

"तुम्ही हात ठेवलात."

"ठेवला. टेकवला." तो आपल्या हाताकडे बघत राहिला. "मी बोलणारच होतो. म्हणणार होतो, शाबास, हात बसला तुझा. विमान इतकं शांत होतं."

"मी पण तुमच्याबद्दल तेच म्हणत होते."

त्या शांत विमानात दोन माणसं एकमेकांचं कौतुक करत बसली होती आणि विमान कोणीच चालवत नव्हतं.

ही खरी हकीकत. तीन ओळींत मावते. पण कागदावर प्रश्न होता : अपघातसमयी ताबा कोणाकडे होता? पुढे दोन चौकोन. प्रशिक्षक. शिकाऊ. एकावरच खूण करावी. कोमाकेचने चाकाचे तुकडे गोळा करता करता तिला सल्ला दिला. "तू शिकाऊ आहेस. शिकाऊने चुकायचंच असतं, त्याचेच तुम्ही पैसे भरता. दहा तास जादा करायला लावतील आणि सोडतील. त्याचं तसं नाही. त्रेसष्टचा आहे. दर सहा महिन्यांनी डॉक्टर त्याच्या छातीला कान लावतो आणि चुकचुकतो. त्याच्यावर खूण पडली की त्याला घरी बसवतील, आणि घरी बसला की तो मरेल. कोंबड्या बघत मरेल." तिने 'शिकाऊ'वर खूण केली. तिकडे मुगालुलाने, तिला न सांगता, 'प्रशिक्षक'वर केली. उजवीकडे बसलेला माणूसच नेहमी चुकतो, असं त्याचं म्हणणं. दोन चांगली माणसं, दोन खोट्या खुणा. तुम्ही म्हणाल फसवणूक.

पत्र आल्यावर तिने त्याला फोन केला होता. "ताता, तुम्ही तुमची खूण बदला."

"मी नाही बदलणार. तू बदल. शुक्रवारी जा, माझ्या नावावर कर, आणि मोकळी हो."

"मग तुम्ही जाल."

"मी जाऊन आलोय गं. चाळीस वर्षं जाऊन आलोय. तुला अजून एकदाही एकटीला जायचंय." आणि मग तो आवाज, जो कुळातल्या सगळ्या बापांकडे सारखाच असतो : "मी सांगतोय ना? मग झालं."

झालं होतंच. म्हणूनच तर ती या टॅक्सीत बसली होती. त्याने हात पुढे केला होता, ती द्यायला निघाली होती. हे तिला आत्ता, फळीवर हिंदकळताना, उमगत होतं, आणि उमगलं तशी ती स्वतःवरच संतापली. दुसऱ्यांदा. त्याच माणसासमोर, त्याच दोन्ही हातांनी. आणि समजा आज दिलं, समजा खूण केली आणि तुम्ही खूश होऊन तिचा परवाना राखलात, आणि ती रिकामी खुर्ची मिळाली. त्या खुर्चीत खरंच कोणी नसेल का? की चाळीस फुटांवर आल्यावर उजवीकडून हात येईल, बापाचा, काकाचा, या छत्रीवाल्या म्हाताऱ्याचा, आणि ती देऊन टाकेल? हा प्रश्न तुमच्या कागदावर असता तर तिने प्रामाणिकपणे लिहिलं असतं, ठाऊक नाही. जिला हे ठाऊक नाही तिला वर सोडावं की नाही, हे ठरवायला तुम्ही बसला आहात ना? मग ते विचारा.

आणि तिला एक बाई आठवली, जी आठवायला नको होती. आठ वर्षांपूर्वी, बाजाराच्या उतारावर, वाळलेली बारीक मासळी विकणारी. काटा शंभर ग्रॅम खात होता. एसेझाने काटा उचलून सपाट फरशीवर ठेवला तर तो चोख निघाला. म्हणजे काटा खरा, जमीन खोटी. पण तिच्याही कागदावर दोनच रकाने होते. पास. नापास. जिथे माल विकला जातो तिथेच तपासावा असा नियम. तिने नापासचा शिक्का मारला आणि काटा जप्त केला. ती बाई ओरडली नाही. फक्त म्हणाली, "ताई, जमिनीला कुठं शिक्का मारणार?" एसेझाने उत्तर दिलं नाही. चहाची वेळ झाली होती. म्हणजे ज्यांच्यावर आज ती जळत होती त्यांच्यातलीच ती एक, त्यांच्याच खुर्चीत बसून, त्यांच्याच शाईने. हे कबूल करायला तिला तीन थांबे लागले. कबूल केल्याने राग कमी होईल असं तिला वाटलं होतं. उलट वाढला, कारण आता तिला आतून माहीत होतं की उत्तर न देणं किती सोपं असतं.

विमानखात्याच्या कचेरीत गार हवा होती आणि भिंतीवर विमानाचं मोठं चित्र. खिडकीतल्या तरुणाने कागद उलटून पाहिला. "दुरुस्ती ना? या इथे खूण, इथे सही. पेन आहे?"

"मला चौकोनाच्या खाली लिहायचंय."

"खाली लिहायला जागा नाही, मॅडम."

"समास आहे."

"समासात लिहिलेलं मशीन वाचत नाही. हे बघा, मला काय त्याचं? याच्यावर करा नाहीतर त्याच्यावर करा. तुमच्या मागे सहा माणसं उभी आहेत."

"सात," मागून कोणी तरी म्हणालं.

एसेझाने समासात लिहिलं. कोणाकडेही नव्हता. मग खाली, बारीक अक्षरात, सगळं : हात टेकवला, मी सोडलं, कोणी बोललं नाही, का बोललं नाही. दोन्ही चौकोन कोरे ठेवले. तरुणाने वाचलं, कपाळाला आठ्या घातल्या, आणि कागद न घेताच आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्याबरोबर साहेब होते. पांढरे केस, कोट, गळ्यात साखळीचा चष्मा, चालणं जरा पाय ओढत. थेट एखाद्या लग्नातले काका. त्यांना पाहताच तिचे गुडघे आपोआप वाकायला लागले. तिने थांबवायचा प्रयत्नही केला नाही. खिडकीच्या बाजूचं दार उघडून ते समोर आले आणि ती त्या चकचकीत फरशीवर गुडघे टेकून बसली, आणि जसा घालायचा तसा नमस्कार घातला : दिवस कसा गेला, काम कसं चाललंय, घरी सगळे कसे आहेत. साहेबांनाही राहवलं नाही. सवयीने तेही उत्तरं देत गेले, बरं आहे, बरं आहे, तुमच्याकडे कसं.

"हं, पोरी," साहेब म्हणाले, आवाज मऊ, "अशाने कसं चालेल? मुगालुलांना मी ओळखतो. ते स्वतः मान्य करतायत. तू का अडून बसतेस? आण तो कागद. मी तुला नवा देतो." आणि त्यांनी हात पुढे केला.

हात तिच्या समोर होता, पालथा नव्हे, उताणा, घ्यायला आलेला. तिची बोटं सैल झाली. तिने ती होताना पाहिली. पहिल्या बोटाने सोडलं, दुसऱ्याने. साहेबांच्या चिमटीत कागदाचा कोपरा आला आणि त्यांनी तो अलगद ओढला, आणि कागद हलला, आणि मग हलायचा थांबला. दोन्ही हातांनी धरला होता तिने. अंगठ्यांची नखं पांढरी पडली होती.

"सोड," साहेब म्हणाले.

"नाही सोडत, ताता," एसेझा म्हणाली. गुडघे टेकलेलेच होते, मान अदबीने खाली होती, आणि आवाज शेवटच्या माणसापर्यंत जात होता. "मी तुमचा मान राखते. कागद देते, पण असा लिहिलाय तसाच घ्या, आणि घेतला म्हणून शिक्का मारून द्या. नसेल घ्यायचा तर मला एकच सांगा. ते म्हणतात माझ्याकडे होतं, मी म्हटलं माझ्याकडे होतं, आणि दोघंही खोटं बोललो, कारण तुम्ही दुसरं काही विचारलंच नाहीत. चाळीस फुटांपासून जमिनीपर्यंत पाच सेकंद लागतात. मी मोजलेत. त्या पाच सेकंदांत ते विमान कोण चालवत होतं? तुम्ही मोठे आहात, तुम्हाला माहीत असेल. नाव सांगा, मी खूण करते. सांगा ना. कोण?"